करवतींची खांदमळणी

सुभेदारांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते स्क्रू ड्रायव्हरची मूठ दातांत धरून, त्याचं टोक एका धडधडणाऱ्या यंत्राला लावून, डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, माणूस कामातून गेलेला दिसतोय. मी परत फिरणार होते. पण परत जायला मला जागा नव्हती, म्हणून थांबले.

नंतर कळलं की ते ऐकत होते. उभा जन्म फौजेत रस्ते बांधण्यात गेलेला, त्यात कानांचं वाटोळं झालं होतं. कानांनी त्यांना निम्मंच ऐकू यायचं. उरलेलं ते दातांनी ऐकायचे. यंत्राच्या पोटात काय बिघडलंय ते दातांतून डोक्यात जातं म्हणायचे. माणसांच्या बाबतीत ही सोय नव्हती, त्यामुळं माणसांचं त्यांना निम्मंच कळायचं.

माझं थोडक्यात सांगते. माण तालुक्यातलं माहेर, शाळा चौथीपर्यंत. नवरा मुंबईला कामाला गेला आणि तिकडंच त्यानं दुसरा संसार मांडला. मूलबाळ नव्हतं. भावाच्या घरी सहा वर्षं राहिले, त्याची मेंढरं राखली. भावजय वाईट नव्हती. पण भाकरी वाढताना ती माझ्या ताटाकडं बघायची नाही. दुसरीकडं बघत वाढायची. सहा वर्षं तसं खाल्लं. मग एका साली टोळीबरोबर कुंडलच्या बाजूला उसाच्या भांगलणीला, तण काढायला आले आणि टोळी परत गेली तेव्हा मी गेले नाही. ही नव्वद सालानंतरची गोष्ट. सुभेदारांच्या पुतण्याचा ऊस होता. तो म्हणाला, आमच्या तात्यांना दोन वेळा भाकरी करून घाला, मळ्यात एक खोली आहे, राहा. म्हणून मी तिथं जाऊन उभी होते.

सुभेदारांनी यंत्र बंद केलं, स्क्रू ड्रायव्हर धोतराला पुसला आणि विचारलं, "काय येतं?"

"सैपाक."

"आन्?"

"मेंढरं राखायला."

"ब्येस. हितं नऊ हायती. पन चारा खात न्हाईत."

तो सगळा कारभार करवतींचा होता. झाडं कापायच्या, पेट्रोलवर चालणाऱ्या साखळीच्या करवती. आता त्या कुठंही दिसतात, तेव्हा आमच्याकडं झाड म्हणजे कुऱ्हाड, नाहीतर दोघांनी ओढायची साधी करवत. ह्या परदेशातून आलेल्या, माझ्याएवढ्या वयाच्या. कुठली धरणाच्या कामावरून भंगारात गेलेली, कुठली फौजेच्या लिलावातली, कुठली सांगलीच्या वखारीच्या माळ्यावर उंदरांनी घर केलेली. सुभेदार त्या हुडकून आणायचे, खोलायचे, घासायचे, चालू करायचे आणि गुरांच्या गोठ्यात ओळीनं बांधल्यासारख्या ठेवायचे. गोठ्यात गुरं नव्हतीच. करवतींना नावं होती. एक ठसकी, कारण ती चालू होताना खोकायची. एक कैदाशीण. एक म्हातारी. आणि भिंतीकडेला सगळ्यांत मोठी, पाच फूट लांब पात्याची, तिचं नाव मुकी. बाकीच्या आठ महिन्यातून एकदा ते सुरू करायचे. मुकी कधीच नाही.

ह्या करवती घेऊन ते झाडं कापत असतील असं कुणालाही वाटेल. उभ्या झाडाला त्यांनी कधी पातं लावलं नाही. कुणी बांधावरचं झाड तोडायला बोलवायला आलं की विचारायचे, "पडलंय का?" पडलेलं नसलं तर संपला विषय. माणसं हसायची. नऊ करवती बाळगतो आणि चुलीला लाकडं विकत आणतो म्हणायची. ते खरंच होतं. लाकडं मीच आणायची.

करवत आणायला ते एस्टीनं जायचे. पुढं एकदा शिरवळजवळच्या भंगारवाल्याकडं दहावी आहे असं कळलं, तर पहाटे उठून गेले आणि संध्याकाळी माझ्याच वाकळेत गुंडाळून घेऊन आले. टपावर ठेवली नाही, आदळंल म्हणून. मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईनं विचारलं, "पोरगं आजारी हाय व्हय?" ह्यांना निम्मंच ऐकू गेलं. म्हणाले, "लय दीस झालं, गळतंय." बाई म्हणाली, "आगं बया. आई कुठं हाय?" हे म्हणाले, "आई न्हाई, धरनावर सोडून गेली समदी. पन वाचंल. घरी न्हेऊन उघडून बघतो." ती बाई पुढच्याच थांब्याला जागा बदलून बसली. हे मला त्याच गाडीतल्या एका गाववाल्यानं सांगितलं. सुभेदारांनी नुसतं विचारलं, ती का उठली असेल. माझी वाकळ मात्र तेलानं वाया गेली. नवी दिली नाही. ध्यानातच आलं नसेल.

आणखी एक खोड सांगते. लग्नाला ते कुणाच्या जायचे नाहीत, पण पत्रिका मागून घ्यायचे. यंत्राच्या दोन भागांमध्ये जाड कागद कापून बसवावा लागतो, नाहीतर पेट्रोल झिरपतं. त्याला गास्केट म्हणतात. जुन्या करवतींची गास्केटं बाजारात मिळत नव्हती. सुभेदार पत्रिका हातात घेऊन बोटांनी दाबून बघायचे आणि म्हणायचे, "चांगलं लगीन हाय. जाड हाय." मग कात्रीनं बारीक बारीक कापायचे. ठसकीच्या पोटात पलूसकडच्या एका चि. सौ. कां. चं निम्मं नाव आहे. पुढं ते लग्न मोडलं, तेव्हा मी सांगितलं, "आवं, ठसकीतल्या पोरीचं लगीन मोडलं."

"मोडू दे," म्हणाले. "मिशन चालतंय."

आता माझ्या चुकीचं सांगते. त्या चुकीनंच मला पोटापाण्याला लावलं, म्हणून नीट सांगते.

आमच्या भागात बेंदराला बैल पुजतात. आदल्या दिवशी खांदमळणी. जू ओढून ओढून बैलाचा खांदा दुखलेला असतो, तो हळद आणि तेलानं मळायचा. मग बांबूच्या नळीतून बैलाला तेल आणि अंडी पाजायची. सुभेदारांकडं बैल नव्हते. पण सण आला की ते करवतींना कोमट पाण्याच्या फडक्यानं पुसायचे, मुठींना लाल हिंगूळ लावायचे आणि माझ्याकडून पुरणाची पोळी ओवाळून घ्यायचे. माझं ते पहिलंच वर्ष. आदल्या दिवशी ते सांगलीला निघाले होते. जाताना म्हणाले, "बाई, उद्या बेंदूर. जनावरांचं तेवढं तेलपाणी करून ठेव."

त्यांना म्हणायचं होतं, पुसून ठेव. मी मेंढरं राखलेली बाई. जनावरांचं तेलपाणी म्हटल्यावर मला एकच ठाऊक. मी करडईचं तेल गरम केलं, त्यात हळद कालवली आणि नऊच्या नऊ करवती मुठीपासून पात्यापर्यंत मळल्या. मळताना दिसलं की प्रत्येकीला दोन झाकणं आहेत. उघडून बघितली, आत कोरडं ठणठणीत. म्हटलं, बिचाऱ्या उपाशीच आहेत. शेजारच्या मळ्यातून बैलाची नळी आणली आणि एकेकीला दोन्ही भोकांतून पोटभर तेल पाजलं.

त्यातलं एक भोक पेट्रोलचं आणि एक साखळीच्या तेलाचं. मला काय माहीत?

सुभेदार दुसऱ्या दिवशी सकाळी आले. गोठ्यात शिरले. सगळ्या करवती पिवळ्याधमक बघून त्यांना बरं वाटलं असावं, कारण ते हसले. मग त्यांनी म्हातारीचं झाकण उघडलं, बोट बुडवलं, वास घेतला. दुसरीचं उघडलं. तिसरीचं. मी दारात उभी. मला वाटलं, आता आपलं गाठोडं.

त्यांनी शेवटचं झाकण लावलं. मग म्हणाले, "अंडी पाजली न्हाईस न्हवं?"

"घरात नव्हती," मी म्हणाले.

"नशीब," म्हणाले आणि खाली बसून इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग उठले, रॉकेलचा डबा माझ्यापुढं ठेवला आणि सांगितलं, "चूक तुझी, हात तुझं. समद्या खोलायच्या. म्या सांगतो, तू खोल."

करडईचं तेल वाळलं की डिंकासारखं चिकटतं, आणि हळद बारीक भोकांत जाऊन बसते. पंधरा दिवस लागले. रॉकेल, दात घासायचा ब्रश, सायकलच्या ब्रेकची तार. पहिल्या करवतीला चार दिवस गेले, शेवटच्या दोन मी एका दिवसात खोलून जोडल्या. कुठला स्क्रू कुठला हे मला कधी विचारावं लागलं नाही. मेंढरंही मला सगळी ओळखू यायची, ह्यात विशेष नाही. पण सुभेदारांना ते विशेष वाटलं. सोळाव्या दिवशी त्यांनी माझ्या हातात कानस दिली.

साखळीला दात असतात. एकेक दात कानशीनं घासून धार लावायची. कानस पुढं ढकलायची, मागं ओढायची नाही. आणि सगळ्या दातांना सारखे हात. "येका दाताला तीन, तर समद्यास्नी तीन," ते म्हणायचे. "येका अंगाला जास्त दिलंस तर करवत वाकडी पळती." चौथी शिकलेल्या बाईला तीनपर्यंत मोजता येतं. मला ते जमलं. वर्षभरात सांगलीच्या वखारीतून आणि रस्त्याचं काम करणाऱ्या ठेकेदारांकडून साखळ्या धारेला यायला लागल्या. सुभेदार माणसांना सांगायचे, "धार बाईकडं. माझी नजर गेली." नजर काही गेली नव्हती. मी तेव्हा पहिल्यांदा माझ्या कष्टाचं लुगडं घेतलं. ते त्यांना दाखवलं तर म्हणाले, "रंग ग्रीससारका हाय." ग्रीस त्यांना आवडायचं, म्हणजे ते कौतुकच.

मुकीला काय झालंय हे मी तेव्हा विचारलं. म्हटलं, हिला का सुरू करत नाही?

"हिला काय न्हाई झालं," म्हणाले. "ही दोघांची हाय."

एका टोकाला इंजीन, त्या टोकाला एक माणूस. दुसऱ्या टोकाला नुसती मूठ, तिथं दुसरा माणूस. ओंडका मध्ये. फौजेत ह्याच जातीच्या करवतीवर त्यांचा एक सोबती होता, सीमेवरच्या गावचा, निम्मं कानडी बोलणारा. डोंगरात रस्त्यावर पडलेलं झाड कापताना ओंडका फिरला. "म्या 'सोड' म्हनलो. मिशनच्या आवाजात त्येला ऐकूच गेलं न्हाई. त्येनं धरूनच ठेवली." त्यांनी मुकीच्या रिकाम्या मुठीवरची धूळ पुसली. म्हणाले, "त्यो माझा जोडीदार हुता." तोवर त्यांनी दुसऱ्या कुणाला तो शब्द वापरलेला मी ऐकला नव्हता.

महिनाभरानं त्यांनी एक बैलाचा कासरा आणला. एक टोक स्वतःच्या दंडाला बांधलं, दुसरं माझ्या. मला मुकीच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं, यंत्र बंद ठेवून. म्हणाले, "करवत खाली जाती, कासरा वर ऱ्हातो. म्या हिसका दिला की सोडायचं. इचार करायचा न्हाई, बघायचं न्हाई. सोडायचं." रोज दुपारी आम्ही तो सराव करायचो. ते हिसका द्यायचे, मी सोडायची. कधी बोलता बोलता द्यायचे, कधी मी शिंकत असताना. जिवंत यंत्राला हात लावायच्या आधी तीन महिने नुसतं सोडायलाच शिकवलं.

मळा रस्त्याकडेला. एक म्हातारा आणि एक बाई, दंडाला कासरा बांधून समोरासमोर उभी. लोकांना काय दिसलं असेल ते सांगायला नको.

सकाळी दूध डेअरीवर सगळा गाव असतो. तिथं कुणीतरी सुभेदारांना डिवचलं, "काय सुभेदार, कासरा कुनाच्या हातात असतुया आताशा? त्या बाईचं आन् तुमचं काय नातं म्हनायचं?" टवाळी ह्यांना ऐकू गेली नाही, शेवटचं तेवढं ऐकू गेलं. सरळ उत्तर दिलं. म्हणाले, "ती? ती माझी जोडीदार हाय."

डेअरीवाल्याच्या हातातलं माप तसंच राहिलं म्हणे.

पुतण्या मोटरसायकलवरून तणतणत आला. मला काही बोलला नाही, तात्यांना बोलला. "तात्या, बोलायच्या आधी इचार करत जावा. गावात त्वांड दाखवायची सोय ठिवली न्हाई. त्या बाईला माघारी लावून द्या." ते ऐकून मी कानस खाली ठेवली आणि सुभेदारांच्या कानात ओरडले, "आवं, काय बोल्लासा डेअरीवर?"

"खरं त्येच बोललो."

"जोडीदार म्हटल्यावर लोक बायको समजत्यात!"

त्यांनी विचार केला. अगदी मनापासून केला, यंत्राच्या प्लगवरची काजळी बघताना करायचे तसा. मग म्हणाले, "मंग लोकांनी दुसरा शब्द द्यावा. माझ्याकडं न्हाई."

अशी बातमी माणपर्यंत जायला एस्टी लागत नाही. आठवड्यात माझा थोरला भाऊ आला. आणि तो आला तो चालत, कारण आदल्या दिवशीच्या वावटळीत रस्त्याकडेची जुनी चिंच मुळासकट आडवी झाली होती आणि एस्टी झाडापलीकडंच थांबली होती. सकाळपासून दहा-बारा जण कुऱ्हाडी घेऊन तिच्यावर तुटून पडले होते. चिंचेचं लाकूड. कुऱ्हाडी उडत होत्या. आमच्या बाजूला दुधाचा टेंपो उभा, त्यात पुतण्याचं आणि अर्ध्या गावाचं दूध, ऊन चढत चाललेलं.

भाऊ अंगणात येऊन उभा राहिला. पाणी घेतलं नाही. "बाये, गठुडं बांध."

"कशाला?"

"कशाला म्हनून इचारतीस? माझ्या घरात लग्नाची पोरगी हाय. दुपारच्या गाडीनं निघायचं."

मी त्याच्याकडं बघितलं. वाईट माणूस नव्हता तो. मला मारणार नव्हता, उपाशी ठेवणार नव्हता. नेऊन पुन्हा त्याच ताटावर बसवणार होता. मला रडू वगैरे आलं नाही.

सुभेदार बाहेर आले. "कोन पाव्हनं?"

मी कानात ओरडले, "माझा भाऊ! मला न्यायला आलाय! कायमचं!"

त्यांनी गोठ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "आन् मुकी कोन धरनार?"

ह्यात कुणी माया शोधू नये. त्यांना तोच प्रश्न पडला होता. पण माझ्या आयुष्यात मी गेल्यानं कुणाचं काही अडणार आहे, असं ते पहिलंच वाक्य होतं.

तेवढ्यात पुतण्या धावत आला. रागबिग विसरून. "तात्या, दूध नासतंय. तुमच्या त्या मिशनी नुसत्या पुजायच्याच हायत का?"

"पडलंय का?" सुभेदारांनी विचारलं.

"आवं पडलंय! मुळासकट!"

सुभेदार माझ्याकडं बघून म्हणाले, "बाई, कासरा आन." आणि भावाकडं वळून, "पाव्हनं, आधी झाड, मंग गठुडं. धरा ह्या टोकाला." मुकी एकट्यादुकट्याला उचलत नसे. भावानं काही कळायच्या आत तिचं एक टोक धरलं होतं, दुसरं पुतण्यानं, आणि दोघं तिला मढं न्यावं तसं रस्त्यापर्यंत घेऊन गेले.

तिथं गेल्यावर कळलं की साखळीचं तेल घरात संपलेलं आहे. सुभेदार म्हणाले, "बाई, करडईचं आन. चालू कामाला चालतंय, ठिवून दिलं तर चिकटतंय." मी घरी जाऊन किटली आणली. ओतायला लागले तेव्हा हळूच म्हणाले, "हळद न्हाई न्हवं?"

कासरा बांधला. सगळा गाव बघत होता. भावानं मान फिरवली.

इंजिनाची दोरी तिसऱ्यांदा ओढली तेव्हा मुकी उठली. काय आवाज! मुलं पळाली, टेंपोवाल्यानं कानात बोटं घातली. माझे हात खांद्यापर्यंत झिणझिणले. सुभेदार त्या बाजूला, मी ह्या बाजूला, मध्ये चिंच. पातं लाकडात उतरायला लागलं आणि भुसा भाकरीच्या पिठासारखा माझ्या पायावर पडायला लागला. पातं तापलं तसा करडईच्या तेलाचा वास सुटला. सगळ्या रस्त्यावर भजी तळल्याचा वास. मागून कुणीतरी म्हणालं, "कांदा टाक गं मावशे!" आणि लोक हसले. ते हसणं वेगळं होतं, ते मला पाठीनं कळलं.

निम्म्याच्या खाली गेलो आणि दंडाला हिसका बसला.

मी सोडलं. विचार केला नाही, बघितलं नाही. सोडलं आणि मागं झाले. ओंडका कडकडला, फिरला, आणि मी उभी होते तिथं येऊन आदळला. मूठ जमिनीत रुतली. मी तिच्यापासून दोन हात लांब होते.

सुभेदारांनी इंजीन बंद केलं. वळसा घालून आले. त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं. "सोडलंस?"

"मग काय करू?" मी म्हणाले.

त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. एवढंच. मग म्हणाले, "चल. दुसरा काप."

तासाभरात रस्ता मोकळा झाला. आधी दुधाचा टेंपो गेला, मग पलीकडं खोळंबलेली एस्टी आली. भाऊ माझ्याजवळ आला. माझ्या दंडाला अजून कासरा होता. त्याकडं बघून म्हणाला, "जोडीदार म्हंजे ह्ये व्हय?"

"ह्ये."

"मला वाटलं..."

"तुला काय वाटलं ते तुझ्यापाशी ठेव. गाडी सुटंल."

तो चढला. दारात थांबून म्हणाला, "भाऊबिजेला ये." मी गेले. त्या साली गेले आणि पुढं दर साली गेले, दोन दिवस राहून परत आले. पाहुण्यासारखी. भावजयीनं माझ्या ताटाकडं बघून वाढलं.

गावानं त्या दिवसानंतर दुसरा शब्द काही दिला नाही. तोच वापरायला लागले. "सुभेदाराची जोडीदार कुठं हाय? साखळी धारेला टाकायची हाय," असं खुशाल विचारायचे.

सुभेदार जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांना मी कधी आभार वगैरे म्हटलं नाही. ऐकू गेलं नसतं, आणि गेलं असतं तरी त्यांनी विचारलं असतं, कशाबद्दल. त्यांचे दोष मला माहीत आहेत. माझ्या वाकळेचं सांगितलंच. मी तापानं पडले होते तेव्हा आठ दिवस रोज विचारायचे, कानस कुठं ठेवलीस. पण मला बसायला दिलेली जागा त्यांनी पुन्हा कधी मागितली नाही आणि दिली असं दाखवलंही नाही. अशी माणसं मला जास्त भेटली नाहीत.

ते गेल्यावर पुतण्यानं एकदाच विषय काढला. म्हणाला, "मावशी, तुमी हितंच ऱ्हावा. करवती भंगारात घालायच्या न्हाईत, असं तात्या सांगून गेल्यात. मला त्यातलं काय कळत न्हाई." त्याला शिकवायला मला दोन वर्षं लागली. मुकीच्या दुसऱ्या टोकाला आता तो असतो, इंजिनाला त्याचा मुलगा. मी खुर्चीवर बसून शिव्या देते. पुतण्या सोडायला अजून उशीर करतो.

शेवटच्या वर्षी सुभेदारांचा उजवा खांदा निकामी झाला होता. आयुष्यभर दोऱ्या ओढलेला खांदा. हात वर होत नव्हता, चमचाही धरवत नव्हता. डॉक्टरांनी मलम दिलं होतं, त्याचा उपयोग नव्हता. बेंदराचा आदला दिवस आला. करवती पुसून झाल्या, हिंगूळ लावून झाला. मी करडईचं तेल गरम केलं, हळद कालवली आणि वाटी घेऊन त्यांच्या खाटेपाशी गेले. दार सताड उघडं होतं. रस्त्यानं माणसं बैल धुवायला नेत होती, त्यांना सगळं दिसत होतं. कुणी थांबलं नाही.

"ह्ये काय?" त्यांनी विचारलं.

"खांदमळणी."

त्यांनी सदऱ्याची गुंडी सोडली. मी तेल लावलं तसं डोळे मिटले, पहिल्या दिवशी स्क्रू ड्रायव्हर दातांत धरून मिटले होते तसे. थोड्या वेळानं म्हणाले, "नळीनं पाजू नगंस म्हंजे झालं."

"त्वांड मिटून ठेवा मग," मी म्हणाले.

उजवा खांदा मळून झाला. डावा दुखत नव्हता. तरी मी तोही मळला. ह्याला जेवढे हात दिले, तेवढेच त्याला दिले. एका अंगाला जास्त दिलं की करवत वाकडी पळते.